घाटापलीकडची छावणी : विस्थापित मुले आणि कलेचा आधार

वैभववाडी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षे शिक्षक होतो. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या वर्गात दोन-चार नवी मुले येऊन बसत. त्यांचे आईबाप चिरेखाणीवर कामाला आलेले असत. कुणी विजापूरकडचे, कुणी त्याच्याही पलीकडचे. मुलांची भाषा कन्नड किंवा लमाणी. पावसाळा तोंडावर आला, खाण बंद झाली, की ही मुले जशी आली तशी निघून जात. जूनमध्ये शाळा उघडे तेव्हा त्यांची जागा रिकामी असे आणि त्याचे कुणालाच फारसे काही वाटत नसे. मलाही नाही.

त्यातलीच आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मला अजून आठवते. ती दोन महिने एक अक्षर बोलली नाही. मारून मुटकून तिला बोलते करण्याचा मार्ग मला पसंत नव्हता, आणि दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. काहीतरी करू दे म्हणून जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा भाग आणि रंगीत खडू तिच्यापुढे ठेवले. तिने एक बकरी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बकरी. तिसऱ्या दिवशीही तीच. आठवडाभर हे चालले. शेवटी शेजारच्या पोराने तिला विचारले, "बकरी बांदलंस खंय गे?" प्रश्न तिला कळला असावा. तिने खडू उचलला, बकरीच्या गळ्यापासून एक दोरी ओढली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी काढली. मग हळूच म्हणाली, "अज्जी." वर्गातल्या सगळ्यांना तो शब्द समजला. आजी गावी राहिली होती, बकरीही गावी राहिली होती. त्या दिवसापासून ती थोडी थोडी बोलू लागली.

त्यात मी काही विशेष केले होते असे नाही. परंतु पुढे निवृत्तीनंतर कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीविषयी वाचताना ती मुलगी मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. म्हणून हा लेख.

आमच्याकडून करूळचा घाट चढला की गगनबावडा. तिथे गगनगडावर गैबी पीराचा दर्गा आहे. आमच्या भागातली माणसे तिथे जातात, पुढे बाजारहाटाला, दवाखान्याला कोल्हापूर गाठतात. स्वातंत्र्यापूर्वी हा घाट म्हणजे सरहद्द होती. खाली इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा, वर कोल्हापूर संस्थानची बावडा जहागीर. या सरहद्दीपलीकडे, कोल्हापूर शहराच्या पूर्वेस काही किलोमीटरवर वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. युरोपच्या त्या टोकाची मुले पंचगंगेच्या काठी कशी आली, हा इतिहास आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्या इतिहासात आपल्या वाचकांनी थांबून पाहावे असे एक वळणही आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरचे आणि पूर्वेकडून स्टालिनचे सैन्य चालून आले. पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाच्या हाती गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्रीपासून तिथल्या कुटुंबांना घराबाहेर काढून मालगाडीच्या डब्यांत कोंबले जाऊ लागले. हद्दपारीच्या अशा चार मोठ्या लाटा आल्या. लाखो माणसे सायबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेकडच्या जंगलांत लाकूडतोडीवर नेऊन टाकण्यात आली. भुकेने, थंडीने, टायफसने किती गेले याची गणती नाही. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला तेव्हा स्टालिनला दोस्त हवे झाले. जुलै १९४१ च्या करारानुसार या पोलिश कैद्यांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश फौज उभी राहू लागली. या फौजेबरोबर तिची बायकामुले आणि असंख्य यतीम पोरे दक्षिणेकडे निघाली.

१९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. आज त्या बंदराला अंजली म्हणतात. इराण तेव्हा स्वतः इंग्रज आणि रशियन फौजांच्या ताब्यात होता, अन्नधान्याची टंचाई होती. तरीही त्या मुलुखाने या लोकांना सामावून घेतले. दोन हजारांहून अधिक पोलिश मुले इस्फहान शहरात ठेवली गेली. तिथल्या पोलिश लोकांच्या आठवणींत इस्फहानला 'पोलिश मुलांचे शहर' असेच नाव पडले आहे. उशाखाली पावाचा तुकडा लपवून झोपणारी ही मुले, मशिदींच्या निळ्या घुमटांच्या सावलीत पुन्हा शाळेत जाऊ लागली. हिजरत हा शब्द आपल्याला नवा नाही. आपली सालगणनाच इ.स. ६२२ च्या हिजरतीपासून सुरू होते. मुहाजिर आणि त्यांना घरात घेणारे अन्सार, या दोन्हींच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. इराणातल्या सामान्य माणसांनी त्या वर्षी अन्सारांचे काम केले, आणि ते अनोळखी धर्माच्या, अनोळखी भाषेच्या मुलांसाठी केले.

इराणातून काही निर्वासित आफ्रिकेत गेले, तर काही कराचीमार्गे वळिवड्याला आले. त्याआधीच, १९४२ मध्ये, शेकडो पोलिश मुले खुश्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात पोहोचली होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी बालाचडी येथे छावणी उभारली. ती १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली बरीच मुले वळिवड्याला आणली गेली. वळिवड्याची गोष्ट मात्र एकट्या राजाच्या औदार्याची गोष्ट म्हणून सांगता येणार नाही. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते आणि संस्थानचा कारभार अल्पवयीन वारसाच्या नावाने चालत होता. जागा कोल्हापूरची, व्यवस्था इंग्रज सरकारची आणि खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारची, अशी ती रचना होती. १९४५ मध्ये त्या सरकारची मान्यता काढून घेतली गेल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने भार उचलला.

बराकींच्या लांबलचक रांगा, त्यांच्या पुढे फुलझाडे, एक चर्च, एक इस्पितळ, प्राथमिक शाळा, हायस्कूल. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तिथे नाटके होत, समूहगान होत असे, लोकनृत्ये शिकवली जात. नाताळात मुले येशूजन्माचा प्रसंग उभा करीत. बालवीर आणि वीरबालांची पथके होती. ती पन्हाळ्यापर्यंत सहली काढीत, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणत. बायका भरतकाम, शिवणकाम करीत. मुलींना सांगून-शिकवून पोलंडच्या निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख तयार होत आणि तेच घालून नाच बसवले जात. ज्या मुलांनी आपला प्रांत चार-पाच वर्षांचे असताना सोडला होता, त्यांना तो सुईदोऱ्यातून आणि पावलांच्या ठेक्यातून परत मिळत होता.

आता थोडे थांबून एका सालाकडे पाहू. आपल्याला बेचाळीस म्हटले की 'चले जाव' आठवते. परंतु विस्थापित मुले आणि कला या विषयाच्या इतिहासातही १९४२ हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने 'आर्ट थेरपी' हा शब्दप्रयोग प्रथम केला. हिल यांना १९३८ मध्ये क्षय झाला होता. सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या ते चित्रे काढीत. त्यातून आपल्याला बळ मिळते असे ध्यानात आल्यावर त्यांनी शेजारच्या रोग्यांच्या हातीही पेन्सिल दिली. आपण त्याला कलोपचार म्हणू.

त्याच वर्षी १८ जुलैला, नाझींनी भिंत घालून कोंडलेल्या वॉर्सातल्या ज्यू वस्तीत एका अनाथाश्रमाच्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक केले. आश्रमाचे प्रमुख होते डॉक्टर यानुश कोर्चाक. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, अशी त्या नाटकाची कथा. हेच नाटक का निवडले, असे विचारल्यावर, मुलांना मृत्यूला शांतपणे सामोरे जाता यावे म्हणून, असे उत्तर कोर्चाक यांनी दिल्याचे सांगतात. तीन आठवड्यांच्या आतच, ऑगस्टच्या सुरुवातीला, कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंका छावणीकडे नेली गेली. कोर्चाक यांना स्वतःला वाचवता आले असते, ते मुलांबरोबर गेले. ज्या पोलंडची काही मुले त्या उन्हाळ्यात काठियावाडच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचली होती, त्याच पोलंडची ही दुसरी मुले, हिंदुस्थानातल्या एका कवीचे नाटक करून मृत्यूच्या गाडीत चढली.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रांडेइस ही चित्रकर्ती चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिन येथील ज्यू छावणीत आणली गेली. सामान थोडेच नेता येत होते, तर तिने त्यात चित्रकलेचे साहित्य भरले. तिथे ती मुलांना शिकवू लागली. कागद नसे तेव्हा जुन्या कचेऱ्यांच्या फॉर्मांच्या पाठीवर मुले चित्रे काढीत. तिचा एक आग्रह होता, प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहायचे. ज्या व्यवस्थेने त्या मुलांना वाहतुकीच्या यादीतला क्रमांक केले होते, तिच्यापुढे हे नाव लिहिणे किती मोठी गोष्ट होती! ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सूटकेसांत भरून छावणीतच लपवून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. बहुतेक मुले वाचली नाहीत. तिची प्रागमधली विद्यार्थिनी एडिथ क्रॅमर १९३८ मध्ये अमेरिकेला गेली, न्यूयॉर्कमध्ये बिथरलेल्या मुलांबरोबर चित्रकलेतून काम करू लागली आणि पुढे कलोपचार या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानली गेली.

ही उदाहरणे एकत्र ठेवली की दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. एक म्हणजे, कला मुलांना वाचवत नाही. कोर्चाकांची मुले वाचली नाहीत, तेरेझिनची वाचली नाहीत. वळिवड्याची वाचली ती अन्न, औषध, छप्पर आणि सुरक्षितता मिळाली म्हणून. मुलाच्या पोटात अन्न नसताना त्याच्या हाती रंग देऊन फोटो काढणे ही क्रूर चेष्टा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, वळिवड्याला जे चालले होते त्याला कुणी उपचार म्हणत नव्हते. त्या शिक्षकांना मुलांना पोलिश ठेवायचे होते, उद्या मायदेशी परत जाण्यासाठी तयार करायचे होते. नाटक-नाच हे राष्ट्रशिक्षण होते. आजचा शब्द त्यांच्या तोंडी घालणे इतिहासाला धरून होणार नाही.

तरीही आजचे कलोपचारक ज्या अटी सांगतात त्यातल्या बऱ्याच तिथे आपसूक पाळल्या गेल्या. रोजचा ठरलेला वेळ, मुलांची स्वतःची भाषा, उद्याही तिथेच असणारे मोठे माणूस, एकट्याने नव्हे तर सर्वांबरोबर करायचे काम. भीषण अनुभव मुलाच्या मनात गोष्टीसारखा ओळीने साठत नाही. तो आवाज, वास, चित्र, अंगाची थरथर अशा तुकड्यांनी राहतो. त्याला 'काय झाले ते सांग' म्हटले तर शब्द सापडत नाहीत, किंवा सापडले तर जखम पुन्हा उघडते. कागदावर, मातीत, मुखवट्याआड तेच थोडे दूर ठेवून पाहता येते. आणि आवडले नाही तर पुसता येते, मोडता येते. आयुष्यात जे त्याच्या हाती नव्हते ते इथे असते. ठेका धरून गाणे, टाका घालणे यांनी श्वास स्थिर होतो. मात्र त्या चित्राचा अर्थ लावण्याची घाई करायची नाही. काळा रंग वापरला म्हणून मूल दुःखी, असले ठोकताळे चुकीचे असतात. कधी कधी पेटीतला तेवढाच खडू शिल्लक असतो.

वळिवड्याच्या कथेत एक दुखरी जागाही आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडच्या सीमा बदलायचे ठरवले. ज्या गावांचे पोशाख मुली शिवत होत्या, ज्या गावांची गाणी म्हणत होत्या, त्यातली बहुतेक गावे सोव्हिएत हद्दीत गेली. ज्यांचे बाप आणि भाऊ मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोला लढले होते, त्यांना परतायला घरच उरले नाही. थोडे लोक पोलंडला गेले. पुष्कळजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. गाण्यातला देश नकाशातल्या देशाशी जुळेनासा झाला. तरीही त्यांनी गाणी सोडली नाहीत. पुढे वळिवड्याच्या मुलांनी लंडनमध्ये आपली संघटना केली, म्हातारपणी आठवणींचा मोठा ग्रंथ तयार केला, कोल्हापूरला पुन्हा पुन्हा भेटी दिल्या. २०१९ मध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभ उभा राहिला. कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक वॉर्सातही आहे.

पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीमुळे सिंध सोडून आलेली हिंदू कुटुंबे येऊन राहिली. आजचे गांधीनगर ते हेच. कापडाच्या घाऊक बाजारासाठी आपण सगळे तिथे जातो. त्याच वेळी उलट दिशेने आपल्या कोकणातली कित्येक मुसलमान कुटुंबे कराचीला गेली. म्हणजे ज्या कराचीतून पोलिश मुले कोल्हापूरला आली, तिथेच आमची काही मुले मुहाजिर म्हणून उतरली. एका भिंतीने किती तऱ्हेची पोरे पाहावीत!

छावणीशी संबंधित आणखी एका व्यक्तीचा उल्लेख करायला हवा. वांदा दिनोव्स्का ही पोलिश विदुषी, जिला गांधीजींनी उमादेवी हे नाव दिले होते. छावणीतल्या पोलिश तरुणांना हिंदुस्थान समजावा म्हणून तिने धडपड केली, १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. पुढे तिबेटी निर्वासित आले तेव्हा साठच्या दशकात ती धरमशालेला जाऊन त्यांच्या मुलांसाठी राबली. एका छावणीत शिकलेले दुसऱ्या छावणीच्या उपयोगी पडते, ते असे.

आज हा प्रश्न आपल्या फार जवळचा आहे. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बझारला आले, त्यात निम्म्याहून अधिक मुले होती. तिथल्या बालकेंद्रांत मुलांनी काढलेली जळत्या घरांची, हेलिकॉप्टरांची चित्रे जगाने पाहिली. पुढे त्याच छावण्यांत रोहिंग्यांच्या भरतकामाचे, सुतारकामाचे, गाण्यांचे जतन करणारे केंद्र उभे राहिले. ज्यांचे घर जळाले त्यांनी लाकडात घराची छोटी प्रतिकृती घडवली. नातवंडांना दाखवायला तेवढे तरी घर राहिले.

आपल्या समाजात इथे एक शंका निघते. चित्र काढावे का, गाणे-बजावणे योग्य का? या शंकेची टर उडवू नये. एखाद्या घरातून असा संकोच आला तर मुलावर चित्र लादण्याचे कारण नाही. अक्षरांची खुशखती आहे, वेलबुट्टी आहे, इस्फहानच्या फरशीवरची भौमितिक नक्षी आहे, मातीकाम आहे, मेंदी आहे, रात्रीची कहाणी आहे. आमच्या घरात दादीमा जुन्या लुगड्यांची, शर्टांची गोधडी शिवायची. कुठला तुकडा कुणाचा ते सांगायची. गेलेल्या माणसांची नावे आम्हाला तिच्या टाक्यांतूनच पाठ झाली. त्याला आम्ही उपचार म्हणत नव्हतो एवढेच.

आणि निर्वासित म्हणजे काय सरहद्द ओलांडलेलेच? उसाच्या हंगामात घाटावर कारखान्यांच्या आजूबाजूला मराठवाड्यातल्या तोडणी कामगारांची खोपटी पडतात. देवगडकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे येतात. आमच्या चिरेखाणीवरची मुले तर सांगितलीच. यांच्या मागे बॉम्ब नसतो, कर्ज असते, दुष्काळ असतो. परंतु भाषा तुटणे, आजी मागे राहणे, वर्गात कुणी ओळखीचे नसणे हे तेच. यासाठी परदेशातून तज्ज्ञ यायला नकोत. गंभीर आघात झालेल्या मुलाला प्रशिक्षित माणसाकडेच न्यावे. बाकीच्यांसाठी एक ठरलेला तास, थोडा कागद, थोडी माती आणि न विचारता शेजारी बसणारे एक माणूस, एवढी सोय शाळेला, मदरशाला, मोहल्ल्यातल्या वाचनालयाला करता येते.

त्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. मे महिन्यात खाण बंद झाली आणि ती गेली. तिची चित्रे माझ्या कपाटात राहिली. सात बकऱ्या, आणि शेवटच्या चित्रात दोरी धरलेली अज्जी. निवृत्त होताना कपाट रिकामे केले तेव्हा ती सापडली. मी घरी आणली. फ्रीडलच्या सूटकेसांबद्दल वाचले त्या रात्री उठून मी ती पुन्हा काढून पाहिली. एकावरही नाव नव्हते. चित्रावर नाव लिही, असे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. तिचे नाव पटावर नव्हते, आणि आता माझ्या आठवणीतही नक्की राहिलेले नाही. चित्रे माझ्याकडे अमानत म्हणून आहेत. ती कुणाची अमानत आहे, एवढेच मला सांगता येत नाही.